कीसाइनिंगची पहिली बैठक कशी भरवावी

व्हॉट्सॲपमध्ये एखाद्याचं नाव उघडून खाली गेलं की 'एन्क्रिप्शन' अशी ओळ दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की क्यूआर कोड येतो आणि त्याच्याखाली साठ आकडे, पाच-पाचचे बारा गट. तुमच्या फोनवर आणि समोरच्याच्या फोनवर हे आकडे तंतोतंत सारखे असायला हवेत. सारखे असले तर तुमच्या दोघांच्या मध्ये कुणी तिसरा बसलेला नाही. पण शेजारी शेजारी बसून हे आकडे जुळवून पाहिलेली माणसं फार थोडी भेटतात. संदेश एन्क्रिप्ट होतो, म्हणजे गुप्त लिपीत बदलून जातो, एवढ्यावर आपण समाधानी असतो. तो नेमका कुणासाठी एन्क्रिप्ट होतो, हे विचारायचं राहून जातं. कीसाइनिंग म्हणजे हाच प्रश्न एकत्र बसून, सावकाश सोडवायची रीत. सहा-आठ नवख्या माणसांना घेऊन अशी बैठक कशी भरवायची, ते इथे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना जगापुढे मांडली. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती हवी तितकी वाटायची. दुसरी खासगी, ती स्वतःच्या हाताबाहेर जाऊ द्यायची नाही. सार्वजनिक किल्ली वापरून एन्क्रिप्ट केलेला मजकूर फक्त तिच्या जोडीच्या खासगी किल्लीने उघडतो. उलट, खासगी किल्लीने केलेली डिजिटल सही सार्वजनिक किल्ली असलेला कुणीही पडताळू शकतो. १९९१ साली अमेरिकेत फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्रॅम लोकांच्या हाती दिला आणि ही सोय घरच्या संगणकावर आली. त्यापायी झिमरमन यांच्यामागे शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली चौकशी लागली, ती १९९६ मध्ये थांबली. आज त्याच घराण्यातल्या ओपनपीजीपी या मानकावर चालणारा, सगळ्यात जास्त वापरला जाणारा मुक्त प्रोग्रॅम म्हणजे जीएनयू प्रायव्हसी गार्ड. बोलताना सगळे त्याला जीपीजी म्हणतात.

आता यातली भोकाची जागा बघा. किल्ली तयार करताना जीपीजी तुमचं नाव आणि ईमेल विचारतो, पण पुरावा मागत नाही. मी आत्ता बसल्या जागी एखाद्या संपादकाच्या नावाने आणि त्याच्या ईमेलने किल्ली बनवली, तर यंत्र मला अडवणार नाही. ती मी इंटरनेटवर टाकली आणि कुणा बातमीदाराने तीच खरी समजून उचलली, तर त्याचा गुप्त मजकूर मी वाचेन. गणित अभेद्य राहील, फसवणूकही होईल.

हे नुसतं कल्पनेतलं भय नाही. पूर्वी किल्ली ओळखायला तिच्या फिंगरप्रिंटचे, म्हणजे किल्लीपासून गणिताने काढलेल्या ओळखखुणेचे, शेवटचे आठ अंक सांगायची पद्धत होती. २०१४ साली दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की साध्या ग्राफिक्स कार्डावर तेच आठ अंक असलेली दुसरी किल्ली काही सेकंदांत बनवता येते. त्यांनी हजारो खऱ्या किल्ल्यांच्या अशा नकला तयार केल्या. २०१६ मध्ये त्या नकला कुणीतरी सार्वजनिक कीसर्व्हरवर, म्हणजे लोकांच्या सार्वजनिक किल्ल्या ठेवणाऱ्या सर्व्हरवर, चढवल्या. त्यात लिनक्स या संगणकप्रणालीचे जनक लायनस टॉरवल्ड्स यांच्या नावाचीही खोटी किल्ली होती. नाव तेच, ईमेल तोच, शेवटचे आठ अंकही तेच.

मग खरी किल्ली ओळखायची कशी?

एक मार्ग वरून खाली येणारा. आपल्याकडे सीएच्या ऑफिसात जीएसटी किंवा कंपनीची कागदपत्रं भरताना जो डीएससीचा (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा) डोंगल लावतात, तो या मार्गाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार सरकारने एक नियंत्रक नेमला आहे. तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना परवाना देतो आणि त्या संस्था तुमची ओळख तपासून तुमच्या किल्लीवर शिक्का मारतात. वरच्या संस्थेवर विश्वास असला की काम झालं.

दुसरा मार्ग झिमरमन यांचा. स्थळ आलं की आपण काय करतो, ते आठवा. मुलाच्या गावात आपल्या ओळखीचं कोण आहे ते शोधतो. आत्याच्या नणंदेने सांगितलं की माणसं माहितीतली आहेत, तर एक पाऊल पुढे टाकतो. आणखी दोघा-तिघांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं तर खात्री पटते. कुठलंही सरकारी खातं मध्ये नसतं. ओपनपीजीपीमध्ये ही साक्ष डिजिटल सहीने दिली जाते. मी तुमची किल्ली तपासली, तुमची ओळख पटवली, आणि माझ्या खासगी किल्लीने तुमच्या सार्वजनिक किल्लीवर सही केली. ज्याला माझी साक्ष ग्राह्य वाटते, त्याला तुम्हाला न भेटताही तुमची किल्ली खरी मानता येते. अशा सह्यांच्या जाळ्याला विश्वासाचं जाळं म्हणतात.

जीपीजीचा मूळ हिशेब असा असतो: तुम्ही ज्याच्या साक्षीवर पूर्ण विसंबता अशा एकाची सही पुरे, किंवा ज्यांच्यावर थोडंफार विसंबता अशा तिघांच्या सह्या लागतात.

सहीचा अर्थ काय आणि काय नाही, हे मात्र बैठकीच्या सुरुवातीलाच स्वच्छ सांगायला हवं. सही म्हणते एवढंच, की ही किल्ली, हे नाव आणि हा ईमेल एकाच माणसाचे आहेत. तो माणूस सज्जन आहे, हुशार आहे, त्याचा प्रोग्रॅम डोळे झाकून चालवावा, यातलं काहीही ती म्हणत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदार सापडलं, तेव्हा त्या आवृत्त्यांवर प्रकल्पाच्या अधिकृत देखभालकर्त्याचीच वैध सही होती. सही खरी होती, माणसाचा हेतू वाईट होता. नवख्या लोकांना कुणाच्या किल्लीवर सही करायचा संकोच वाटतो तो बहुतेकदा यामुळेच, की आपण त्या माणसाची हमी घेतोय असं त्यांना वाटतं. तसं नाही हे कळलं की निम्मं ओझं उतरतं.

हे सगळं आज कोण वापरतं, असं कुणी विचारेल. डेबियन या लिनक्स वितरणात डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या किल्लीवर किमान दोन विद्यमान डेबियन डेव्हलपरांच्या सह्या लागतात. जवळपास असं कुणी राहत नसेल तर ही अट जड जाते, म्हणून परिषदा महत्त्वाच्या ठरतात. २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली, तेव्हा इथल्या लोकांना ती संधी देशातच मिळाली. २०११ साली लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मुख्य सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, त्यानंतर कर्नलच्या प्रमुख लोकांनी प्रत्यक्ष भेटून एकमेकांच्या किल्ल्या तपासल्या आणि त्या जाळ्याच्या आधारावर कामाची घडी पुन्हा बसवली. तुम्ही रोज जे सॉफ्टवेअर अपडेट करता, त्यातलं बरंचसं अशा सह्या पडताळूनच तुमच्यापर्यंत पोचतं. रोजच्या गप्पांसाठी सिग्नल हे ॲप पुरेसं आहे, तिथे पीजीपीचा आग्रह मी धरणार नाही. पण सॉफ्टवेअरवर सही करणारे, गोपनीय कागदपत्रं स्वीकारणारे पत्रकार, आणि ज्यांचा ईमेल हाच कामाचा मुख्य रस्ता आहे, त्यांना हे शिकायलाच हवं.

माणसं किती, जागा कुठली

सहा ते आठ. पहिल्या वेळी याहून जास्त नकोत. आठ माणसांत अठ्ठावीस जोड्या होतात. एका वेळी चार जोड्या समोरासमोर बसल्या, तर सात फेऱ्यांत सगळे सगळ्यांना भेटतात. प्रत्येक फेरीला पाच मिनिटं धरली तर पस्तीस मिनिटं. वीस जण बोलावले तर एकशे नव्वद जोड्या आणि एकोणीस फेऱ्या, म्हणजे दीड तासाच्या वर. इतका वेळ ओळखपत्रं बघून डोळे थकतात, आणि थकलेला माणूस न बघता खूण करतो. नेमकं तेच आपल्याला टाळायचं आहे.

जागेला फार काही लागत नाही. कॉलेजमधला वर्ग, ग्रंथालयाची खोली, कुणाच्या घराचा हॉल. उजेड चांगला हवा, टेबलं हवीत, पेनं भरपूर हवीत. वायफाय नसलं तरी अडत नाही, कारण बैठकीत कुणीही संगणक उघडायचा नसतो.

हे ऐकून नवे लोक बुचकळ्यात पडतात. एन्क्रिप्शनची बैठक आणि लॅपटॉप बंद? हो, आणि हा नियम सैल करू नका. खासगी किल्ली असलेला लॅपटॉप अनोळखी लोकांच्या गर्दीत उघडायचा, पाठीमागे कुणी उभं असताना पासफ्रेज (किल्लीचा लांब पासवर्ड) टाइप करायची, कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावून घ्यायचा, यातलं प्रत्येक काम धोक्याचं. शिवाय एकदा पडदे उघडले की माणसं एकमेकांकडे बघायची थांबतात. बैठकीत तपासायची ती माणसं. सही घरी जाऊन करायची.

आधीच्या आठवड्यात

प्रत्येकाने किल्ली घरीच तयार करून आणायची. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आदल्या आठवड्यात वेगळा तासभर ठेवा. ते शिकवणं आणि कीसाइनिंग एकाच दिवशी करू नका. पहिल्याच दिवशी घाईत बनवलेली किल्ली माणसाला आपली वाटत नाही, आणि महिन्याभरात तिची पासफ्रेज विसरली जाते.

विंडोजवर जीपीजीफॉरविन नावाचं पॅकेज मिळतं, त्यात क्लिओपात्रा हा खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम असतो. मॅकसाठी जीपीजी सूट आहे. लिनक्सवर जीपीजी बहुधा आधीपासूनच असतो. किल्लीचा प्रकार निवडायला सांगितला तर प्रोग्रॅमने सुचवलेलाच ठेवा. मुदत दोन वर्षांची घाला. ती संपायच्या आत वाढवता येते, आणि खासगी किल्ली हरवलीच तर निदान ती किल्ली कायमची जिवंत राहत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर किल्ली बनवू नका, तो लॅपटॉप तुमचा नाही.

एक गोष्ट सगळ्यांकडून करवून घ्याच: रद्द-प्रमाणपत्र. किल्ली चोरीला गेली किंवा पासफ्रेज गेली, तर 'ही किल्ली आता मानू नका' असं जगाला सांगणारी ही छोटी फाइल असते. जीपीजी अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ती किल्लीबरोबर आपोआप बनवून ठेवतो, पण त्याच संगणकावर. डिस्क गेली तर तीही जाते. म्हणून ती पेन ड्राइव्हवर किंवा कागदावर छापून वेगळ्या जागी ठेवायची.

मग चिठ्ठ्या. किल्लीचा फिंगरप्रिंट म्हणजे त्या अख्ख्या किल्लीपासून गणिताने काढलेली ओळखखूण. आज सर्रास वापरात असलेल्या किल्ल्यांचा फिंगरप्रिंट चाळीस अंकी असतो, चार-चारचे दहा गट. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरं, एवढंच त्यात येतं. नव्या प्रकारच्या काही किल्ल्यांचा चौसष्ट अंकी असतो. प्रत्येकाने नाव, ईमेल आणि पूर्ण फिंगरप्रिंट अशी चिठ्ठी बनवायची आणि जितकी माणसं येणार तितक्या प्रती आणायच्या. फिंगरप्रिंट गुप्त नसतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला हरकत नाही. मात्र छापून आणलेली प्रत घरी येऊन स्वतःच्या स्क्रीनवरच्या फिंगरप्रिंटशी एकदा पूर्ण ताडून बघायची. ती मेलमधून गेली, दुकानातल्या संगणकावर उघडली गेली. मधे काय झालं हे आपल्याला दिसत नाही. हाताने लिहिली तरी चालते, फक्त इंग्रजी बी आणि आठ हे वेगळे दिसतील असे काढा. ओ हे अक्षर यात येतच नाही, गोल दिसलं की ते शून्य.

पंधरा-वीसच्या वर माणसं असतील तर वेगळी पद्धत असते, सॅसामन यांच्या नावाने ओळखली जाणारी. संयोजक आधीच सगळ्यांच्या किल्ल्या गोळा करून एक यादी बनवतो आणि सर्वांना पाठवतो. प्रत्येकजण घरी ती यादी छापतो आणि त्या फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलची ओळखखूण, काढून कागदावर लिहून आणतो. बैठकीत हॅश मोठ्याने वाचला जातो आणि सगळे आपापल्या कागदाशी जुळवतात. जुळला म्हणजे सगळ्यांच्या हाती एकच यादी आहे. मग एकेकजण उठून सांगतो, 'यादीतला माझा फिंगरप्रिंट बरोबर आहे.' हे तो स्वतः घरून आणलेल्या नोंदीशी ताडून सांगतो, यादीतूनच वाचून नाही. वाचताना बी, सी, डी, ई यांचा कानाला गोंधळ होतो, तेव्हा 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली' हे फोनवर आपण करतो तेच इथे करायचं. पद्धत देखणी आहे आणि वेळ वाचवते. तरीही पहिल्या बैठकीला मी चिठ्ठ्यांचीच शिफारस करेन, कारण हातात चिठ्ठी घेऊन समोरच्या चेहऱ्याकडे बघताना आपण काय तपासतोय ते माणसाला आपोआप उमगतं.

एका जोडीची पाच मिनिटं

दोघं समोरासमोर बसतात. पहिली आपली चिठ्ठी स्वतःच्या हाताने देते. चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून 'घ्या त्यातली एक' असं करायचं नाही. चिठ्ठी मालकाच्या हातून आली, हाच तर पुरावा आहे. दुसरा चिठ्ठीवरचं नाव वाचतो. ती ओळखपत्र पुढे करते. तो फोटो बघतो, मान वर करून चेहरा बघतो, पुन्हा फोटो बघतो. नावाचं स्पेलिंग अक्षरागणिक जुळवतो. कार्डाची मुदत असेल तर ती बघतो. 'हा ईमेल तुम्ही स्वतःच वापरता ना?' असं विचारतो. मग चिठ्ठीवर दोन खुणा करतो, एक 'हातून मिळाली' याची आणि एक 'ओळख पटली' याची, आणि खाली स्वतःच्या अक्षरात तारीख घालून सही करतो. ही शाईची सही त्याच्या स्वतःसाठी असते. घरी गेल्यावर खिशात सात चिठ्ठ्या निघतील, आणि त्यातली एखादी आपल्या खुणेशिवाय असेल तर ती बाजूला टाकायची. ती कुठून आली देव जाणे. यानंतर दोघं अदलाबदल करतात.

ओळखपत्र बघायचं आणि परत द्यायचं. फोटो काढायचा नाही, नंबर टिपायचा नाही, झेरॉक्स तर मुळीच मागायची नाही. आपल्याकडे आधारची प्रत मागण्याची आणि निमूटपणे देण्याची सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे, की संयोजकाने हे तोंडाने सांगावं लागतं. आधारच आणायचं असेल तर मास्क केलेलं आणावं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, यातली दोन बरोबर असली तर उत्तम.

खरी कसोटी नावांपाशी लागते, आणि मराठी नावांपाशी जरा जास्तच. एका कार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. दुसऱ्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव माणसाच्या नावालाच चिकटून येतं. किल्लीवर मात्र माणूस नुसतं नाव-आडनाव घालतो, किंवा आद्याक्षरं. एकाच घरात 'जाधव'चं इंग्रजी स्पेलिंग दोघा भावांचं दोन तऱ्हेचं असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं पॅन माहेरच्या नावाचं, मतदार कार्ड सासरच्या नावाचं, आणि सगळं जग तिला ओळखतं ते तिसऱ्याच, लिखाणातल्या नावाने. यातलं कुणीही खोटं नाही.

माझं मत असं, की क्रम बदलला, वडिलांचं नाव गाळलं किंवा आद्याक्षर केलं, तर सही करायला हरकत नाही, कारण उरलेले भाग जुळतात. स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक असेल तर दुसरं कार्ड मागावं. दोन नावं पूर्ण वेगळी असतील, तर दोन्ही जोडणारा कागद, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र, असला तर छान. नसला तर त्या नावावर आज सही करू नये. बाईने एवढ्यासाठी आपली किल्ली सासरच्या नावाने बनवावी असा आग्रह कुणी धरू नये. किल्लीवर एकाहून जास्त नावं घालता येतात आणि प्रत्येक नावावर वेगळी सही होते. जे पटलं त्यावर करायची, बाकीची सोडायची.

ओळखपत्र म्हणजेच ओळख, असंही मानू नका. २००६ साली मेक्सिकोत डेबियनच्या परिषदेत एका डेव्हलपराने कीसाइनिंगच्या वेळी मुद्दाम कुठल्याही सरकारने न दिलेलं, दिसायला रुबाबदार कार्ड पुढे केलं. नाव त्याचंच होतं, पण कार्ड देणारा देशच अस्तित्वात नव्हता. पुष्कळ जणांनी ते बघून ओळख पटल्याची खूण केली. नंतर त्याने स्वतःच हे जाहीर केलं आणि मोठा वाद झाला. परदेशी पासपोर्ट खरा की खोटा हे ओळखायची कला आपल्यापैकी कुणाकडेच नाही. उलट, ज्याच्याबरोबर तुम्ही दहा वर्षं काम केलंय, ज्याच्या घरी जेवलाय, ज्याला त्याच ईमेलवर रोज लिहिता, त्याच्या बाबतीत कार्डापेक्षा तुमची ओळखच वजनदार. अशा माणसाकडे कार्ड मागितलं नाही तरी चालेल. फिंगरप्रिंट मात्र त्याच्याही हातून घ्यायचा.

नाही म्हणणं सोपं करून ठेवा. आपल्याकडे समोर बसलेल्या माणसाला 'मला खात्री पटली नाही' असं सांगणं उद्धटपणाचं वाटतं, त्यातून तो वयाने मोठा असेल तर जास्तच. म्हणून संयोजकाने सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगावं: इथे कुणीही कुणालाही नकार देऊ शकतो, कारण सांगायची गरज नाही, आणि त्यात अपमान नाही. शक्य असेल तर संयोजकाने ठरवून, अनुभवी सहकाऱ्याशी बोलून, पहिला नकार स्वतःच सर्वांसमोर घ्यावा. मुदत संपलेलं कार्ड दाखवायचं, सहकाऱ्याने शांतपणे 'यावर नाही जमणार' म्हणायचं, आणि दोघांनी हसून पुढे जायचं. ते बघितल्यावर बाकीच्यांना धीर येतो.

आणखी एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. किल्लीवरची सही सार्वजनिक झाली की तुम्ही दोघं एकमेकांना भेटलात याची ती कायमची नोंद होते, बहुतेकदा तारखेसकट. डेबियनच्या स्वयंसेवकाला त्याचं काही वाटणार नाही. पण खबऱ्यांना भेटणाऱ्या पत्रकाराला, आंदोलनातल्या कार्यकर्त्याला, घरच्या छळापासून दूर राहणाऱ्या बाईला ही नोंद महागात पडू शकते. त्यांच्यासाठी जीपीजीमध्ये स्थानिक सहीची सोय आहे. ती फक्त तुमच्या संगणकापुरती राहते, तुम्हाला किल्ली खरी असल्याची खात्री देते आणि कुठेही बाहेर जात नाही. ज्याला हवं त्याला हा मार्ग न विचारता मोकळा असावा.

घरी गेल्यावर

एक चिठ्ठी घ्या. त्या माणसाची सार्वजनिक किल्ली मिळवा. ती मेलने आली काय, कीसर्व्हरवरून घेतली काय, सारखंच, कारण आता तुम्ही ती चिठ्ठीशी ताडणार आहात. सगळे चाळीस अंक ताडा. पहिला गट आणि शेवटचा गट बघून थांबू नका. वर सांगितलेल्या नकला अशाच आळसावर जगतात. जुळलं तरच सही करा. क्लिओपात्रात या कामाला 'सर्टिफाय' असं म्हटलंय.

सही केलेली किल्ली लगेच इंटरनेटवर टाकू नका. ती फाइल त्या माणसाच्याच किल्लीने एन्क्रिप्ट करून, चिठ्ठीवरच्या ईमेलवर पाठवा. एका दगडात दोन पक्षी मरतात: तो ईमेल खरोखर त्याच्या ताब्यात आहे हे कळतं, आणि त्या किल्लीची खासगी जोड त्याच्याकडे आहे हेही कळतं, कारण त्याशिवाय त्याला ती सही उघडताच येणार नाही. एकाच्या किल्लीवर तीन ईमेल असतील तर तीन वेगळ्या सह्या, तीन वेगळे मेल. हे हाताने करणं कंटाळवाणं आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डेबियनच्या 'साइनिंग-पार्टी' या पॅकेजमध्ये 'काफ' नावाचं साधन आहे, ते हे सगळं एका दमात करतं.

सही जाहीर करायची की नाही, हे किल्लीच्या मालकाने ठरवायचं. यामागे शिष्टाचार आहे आणि इतिहासही. जुन्या कीसर्व्हरवर कुणीही कुणाच्याही किल्लीला सही चिकटवू शकत असे आणि ती कधीच पुसता येत नसे. २०१९ च्या जूनमध्ये कुणीतरी ओपनपीजीपीच्या जगातल्या दोन जुन्या जाणत्यांच्या किल्ल्यांवर हजारो-लाखो निरर्थक सह्यांचा मारा केला. त्या किल्ल्या घेऊ गेलेल्यांचं जीपीजी अडखळून पडायला लागलं. त्यानंतर जीपीजीने कीसर्व्हरवरून येणाऱ्या इतरांच्या सह्या आपणहून बाजूला टाकायला सुरुवात केली. त्याच सुमारास सुरू झालेला नवा ओपनपीजीपी कीसर्व्हरही इतरांच्या सह्या वाटत नाही. म्हणून आज तुम्हाला मिळालेल्या सह्या स्वतःच्या किल्लीत घालून, ती किल्ली स्वतःच्या साइटवर ठेवणं किंवा हव्या त्या माणसाला थेट पाठवणं हाच व्यवहार्य मार्ग आहे. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये २०२० पासून ओपनपीजीपी आतच आलं आहे, पण ते विश्वासाचं जाळं वापरत नाही. तिथे प्रत्येक किल्ली तुम्ही स्वतः तपासलीय का, एवढंच विचारलं जातं. चिठ्ठी हातात असली तर त्याचं उत्तर प्रामाणिकपणे 'हो' देता येतं.

बहुतेक बैठका फसतात त्या इथे, घरी गेल्यावर. चिठ्ठ्या बॅगेच्या कप्प्यात पडून राहतात, पुढचा आठवडा येतो, आणि आठवण धूसर होते. संयोजकाने तिसऱ्या दिवशी एक आणि दहाव्या दिवशी एक असे दोन मेल टाकावेत, आणि अडलेल्यांसाठी एका संध्याकाळी फोनवर उपलब्ध राहावं. महिना उलटून गेल्यावर, समोरचा चेहरा आठवत नसताना किंवा चिठ्ठीवर आपली खूण सापडत नसताना सही करू नये. अशा माणसाला तसं कळवावं आणि पुढच्या बैठकीत नवी चिठ्ठी मागून घ्यावी.